उलट्या चालीतला आवाज

“मग यात कमी काय आहे, ते तरी सांगा!”

गौतमी तांबटचा आवाज जरा चढलाच.

टेबलावर वीतभर लांबीचं पितळी इंजिन होतं. एके काळी कसारा घाटात मालगाड्या चढवणारं, रेल्वेची माणसं ज्याला ‘खेकडा’ म्हणत, त्या विजेच्या इंजिनाचं मॉडेल. दोन्ही टोकांना लांब नाकं, मधे केबिन, आणि खाली चाकांना एकमेकांशी जखडणारे दांडे. वर्षभर सुटीचा एकही दिवस न दवडता तिनं ते घडवलं होतं.

एलायजा रोहेकर बशीतला चहा फुंकत होते.

“सर…”

“ऐकतोय.”

आणि पुन्हा चहावर फुंकर.

रोहेकर सर इगतपुरीच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. पण त्यांची खरी ओळख दुसरीच. रेल्वेची मॉडेलं हातानं घडवणारी माणसं देशात मूठभर, आणि त्या मूठभरांत सरांचा शब्द अखेरचा. ‘रोहेकरांनी हो म्हटलंय’ असं कळलं, की बाकीचे आपापली भिंगं खिशात ठेवत.

गौतमीही काही ऐरीगैरी नव्हती. नाशिकच्या तांबटांच्या घरातली. पितळ त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या धान्यासारखं नांदलेलं. ती स्वतः सातपूरच्या एका कारखान्यात साचे तयार करणारी इंजिनिअर. आपल्या हाताला तोड नाही हे तिला ठाऊक होतं, आणि ते लपवायची गरज तिला कधी वाटली नव्हती.

“निदान चालवून तर बघा,” ती म्हणाली.

“आज शनिवार.”

“म्हणजे?”

“आम्हा ज्यूंचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस. मी हत्यार धरत नाही. वीज लावत नाही.” सरांनी थर्मासकडं हनुवटीनं खूण केली. “चहासुद्धा कालचा आहे.”

“मग मी उद्या येते.”

“आलीच आहेस तर बस.”

सरांनी बशी खाली ठेवली. धोतराच्या सोग्याला बोटं पुसली. मग डोळे मिटले, आणि उजव्या हाताचं एक बोट इंजिनाच्या कुशीवरून हळूहळू पुढं नेलं.

कुशीवर रिबिटांची ओळ होती. मोहरीहून बारीक टिंबं. पत्र्याला मागून टोच्यानं एकेक ठोका देऊन गौतमीनं ती उठवली होती.

बोट थांबलं.

“इथं कुणी हाक मारली होती का तुला?”



बोट थोडं मागं गेलं. “इथपर्यंत बसून केलंयस…” पुन्हा पुढं आलं. “इथून पुढं उठायची घाई.”

तिला आठवलं. मावसबहिणीच्या हळदीचा दिवस. खाली रिक्षा उभी, आई जिन्यातून हाका मारतेय, आणि ओळीतली शेवटची टिंबं तिनं उभ्या-उभ्याच ठोकली होती. नवी साडी पितळेच्या कचऱ्यात मळू नये म्हणून एका हातानं निऱ्या सावरून.

तिचे कान तापले.

“एवढं कुणाला दिसणार आहे?”

“मलाही दिसलं नाही.” सरांनी डोळे उघडले. “लागलं.”

गौतमीनं इंजिन खोक्यात घातलं. झाकण लावलं. नमस्कार केला न केला, आणि ओसरीवर येऊन चपला पायात सरकवल्या.

एक चप्पल घातली. दुसरी घालता घालता ती थांबली.

मग दोन्ही काढून ती परत आत आली.

“मला शिकवाल?”

“काय शिकवायचं? येतंय की सगळं.”

“हे… असं लागायचं.”

 आतल्या खोलीतून त्यांच्या पत्नीचा, फ्लोराबाईंचा आवाज आला.

“अगं, शनिवारी नको विचारूस त्यांना. उद्या ये. आणि डबा आणू नकोस, इथंच जेव.”

---

दुसऱ्या दिवशी सरांनी तिच्या हातावर धातूची एक पट्टी ठेवली.

“दांडा कर.”

“कुठला?”

“चाकांना बांधतो तो. एकच.”

गौतमीला हसू आलं. बोटाच्या दोन पेरांएवढा तुकडा. दोन्ही टोकांना भोकं, मधे एक. कारखान्यात शिकाऊ पोरांना ती याहून अवघड काम देत असे.

पुढच्या रविवारी ती दांडा घेऊन आली.

सरांकडं शिसवी लाकडाचा एक ठोकळा होता. त्यात सुयांसारख्या तीन खुंट्या रोवलेल्या. सरांनी दांडा त्या खुंट्यांवर धरून सोडला. दांडा आपसूक खाली उतरला. गौतमीनं मान जरा वर केली.

सरांनी दांडा काढला, उलटा केला, पुन्हा सोडला.

दांडा अडला.

“परत,” सर म्हणाले.

पुढचे कितीतरी रविवार या एका शब्दावर गेले. ती नाशिकहून सकाळच्या गाडीनं यायची, सर ठोकळ्यावर दांडा धरायचे, आणि मग ‘परत’. कधी सुलट बसायचा, उलट नाही. कधी दोन्हीकडून बसायचा, तर सर कानाशी धरून हलवायचे आणि म्हणायचे, “सैल आहे. परत.”

मग फ्लोराबाई जेवायला हाक मारायच्या. जेवताना कामाचं काही बोलायचं नाही, हा त्या घराचा नियम. नारळाच्या दुधातली आमटी आणि भात जेवून गौतमी संध्याकाळच्या गाडीनं घरी.

एकदा तिनं धीर एकवटला.

“सर, मला आकडा सांगा.”

“कसला?”

“किती फरक चालेल याचा. आमच्या कारखान्यात तो कागदावर लिहिलेला असतो. अमुक इतकं इकडं, अमुक इतकं तिकडं. त्याच्या आत असलं की माल पास.”

“बरोबर आहे. कारखान्याला माल पाठवायचा असतो.”

“आणि तुम्हाला?”

“मला झोपायचं असतं.”

 सर गंमत करत नव्हते.

रात्र झाली तरी तिचा राग काही निवला नाही. म्हणून पुढच्या खेपेला तिनं वेगळीच युक्ती केली. कारखान्यातल्या मशीनवर दांडा कापून आणला. कॉम्प्युटरनं आखलेला, केसाचाही फरक नसलेला.

सरांनी तो खुंट्यांवर सोडला. उतरला. उलटा सोडला. उतरला. कानाशी हलवला. भिंगाखाली धरला. बराच वेळ कौतुकानं पाहिला.

“फार सुरेख.”

“मग पास?”

“पास की. असा दांडा मिळाला तर मीसुद्धा माझ्या इंजिनाला लावीन.”

गौतमीचा चेहरा खुलला.

सरांनी दांडा अलगद तिच्या तळहातावर ठेवला. “मशीनचं शिक्षण पुरं झालंय,” ते म्हणाले. “तुझं कधी सुरू करायचं?”

…

तिनं कानस उचलली, आणि तिथंच ओसरीवर बसून नवी पट्टी घासायला घेतली.

नंतर एका रविवारी सर ‘परत’ म्हणाले नाहीत. दांडा ठोकळ्यावरून काढून त्यांनी तिच्याच डबीत ठेवला आणि डबी तिच्याकडं सरकवली.

तेवढंच.

घरी गेल्यावर गौतमीनं पहिला खेकडा कपाटातून काढला आणि सगळा सुटा केला. हळदीच्या दिवशीची ती ओळ, छप्पर, चाकं, सगळं. तसं कुणीही तिला सांगितलं नव्हतं.

मग तिनं नवा पत्रा घेतला.

---

दुसरा खेकडा आकार घेत होता, तेव्हाच आबा बच्छावांचं बोलावणं आलं.

आबा पिंपळगावचे द्राक्षबागाईतदार. माणूस दिलदार आणि हौशी. हंगाम सरला की त्यांची द्राक्षांची पॅकिंग शेड रिकामी पडायची, आणि त्या रिकाम्या शेडमध्ये आबांनी चार हौशी मित्रांच्या मदतीनं अख्खा कसारा घाट उभा केला होता. गोणपाट आणि प्लास्टरचे डोंगर, बोगदे, दरीवरचे पूल, आणि त्यातून वळत वळत चढणारे बोटभर रुंदीचे रूळ.

“सगळं आहे, पोरी,” आबा म्हणाले, “पण घाट चढवणारं इंजिन दुकानातून आणलेलं. ते बघितलं की मला लाज वाटते. घाट आमचा आणि इंजिन परक्याचं? तुझा खेकडा हवा. मालगाडीला मागून रेटा देत वर चढवायची. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी उद्घाटन. रोहेकर सरांना पाहुणे म्हणून बोलावलंय.”

“सरांनी हो म्हटलं तर आणीन.”

“ते तर झालंच! त्यांनी हो म्हटल्याशिवाय मीच रुळावर चढू देणार नाही.”

मग वर आबांनी असंही सांगितलं, की हा खेकडा नीट चालला तर घाटावरची पुढची सगळी इंजिनं गौतमीनंच करायची. जुनी वाफेचीसुद्धा. गौतमीच्या डोळ्यांसमोर ती ओळीनं उभी राहिली. हेच तर तिला आयुष्यभर करायचं होतं.

ती कामाला लागली. दिवाळीत घरी फराळाचा घमघमाट सुटला होता आणि ती खोलीचं दार लावून चाकं जुळवत होती. आई रागावली, मग थकली, मग ताटच आत आणून द्यायला लागली.

उद्घाटनाच्या आधीच्या रविवारी नवा खेकडा इगतपुरीला पोचला.

सरांच्या ओसरीत भिंतीच्या कडेनं रूळ मांडलेले होते. एका बाजूला सपाट, दुसऱ्या बाजूला चढ, दोन्ही टोकांना आवळ वळणं. सरांनी खेकडा हातात घेतला. डोळे मिटले. कुशीवरून बोट फिरवलं. या वेळी ते कुठंच थांबलं नाही.

मग त्यांनी तो रुळावर ठेवला आणि वीज लावली.

खेकडा सुलट निघाला. अगदी सावकाश, गाभण गाईच्या चालीनं. दांडे वरखाली होत होते आणि त्यांचा एकच सलग ‘सुस्स्’ असा आवाज येत होता. वळणावर नाकं वळली, मधली केबिन त्यांच्यामागं शहाण्यासारखी वळली. फ्लोराबाई हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या.

“आता उलटा,” सर म्हणाले. “मालगाडी लाव.”

गौतमीनं शिशाचं वजन भरलेले मालडबे पुढं जोडले. खेकडा उलट्या दिशेनं त्यांना रेटत चढाला लागला.

सर खुर्चीत बसून डोळे मिटून ऐकत होते.

आणि गौतमीला ऐकू आलं.

‘टिक्.’

 चाक आणखी एकदा फिरलं.

‘टिक्.’

फार बारीक. कुणी जिभेच्या टोकानं नापसंती दाखवावी तेवढाच. पण दर फेऱ्याला, नेमका त्याच जागी.

तिनं सरांकडं पाहिलं. आता ते म्हणतील. आता तो एक शब्द येईल.

खेकडा चढ चढून वर पोचला. सरांनी डोळे उघडले.

“छान,” ते म्हणाले.

गौतमीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“…काय, सर?”

“छान झालंय. घेऊन जा.”

“पुन्हा एकदा उलटा चालवू?”

“कशाला? झालं की.” सरांनी दाराकडं मान वळवली. “फ्लोरा, काहीतरी गोड कर. पोरीचं इंजिन झालं.”

‘छान’ हा शब्द सरांच्या तोंडून तिनं स्वतःच्या कामासाठी कधी ऐकला नव्हता. रविवारमागून रविवार ती त्या शब्दासाठी गाड्या बदलत आली होती. आता तो मिळाला होता, आणि फ्लोराबाईंनी केलेला शिरा तिच्या ताटलीत तसाच पडून होता.

---

परतीच्या गाडीत तिनं मनाची समजूत घातली. सर हो म्हणाले. मग झालंच. त्यांच्या बोटाला उभ्यानं ठोकलेलं रिबिट लागतं, त्यांच्या कानाला एवढा आवाज लागणार नाही? लागला असेल आणि त्यांनी तो चालण्यासारखा मानला असेल. सरांपेक्षा आपण का शहाणे?

नाशिक येईपर्यंत तिला ते जवळजवळ पटलंही.

गुरुवारी ती खेकडा घेऊन पिंपळगावला गेली. शेडमध्ये रंगकाम चालू होतं, पंखे घरघरत होते. आबांनी मालगाडीला खेकड्याचा रेटा दिला, आणि गाडी बोगद्यातून बाहेर पडून पुलावर आली तेव्हा त्यांनी चक्क टाळी वाजवली.

“आबा, उलटं चालताना आवाज येतोय का हो?”

“कसला?”

“टिक्… असा.”

आबांनी कान लावल्यासारखं केलं. “छे! आणि आला तर आला. खेकडाच तो, नांग्या वाजवणारच!”

सगळे हसले. गौतमीही हसली.

पण पुलावरून जाताना तो आवाज तिला पंख्यांच्या घरघरीतूनही ऐकू आला. आता तो तिला ऐकू आल्याशिवाय राहणारच नव्हता.

“आबा, मी हा दोन दिवस घरी नेते. शनिवारी आणते.”

शनिवारी सकाळी तिनं खेकडा उघडला.

आवाज कुठून येतोय ते शोधायला वेळ लागला नाही. उजव्या बाजूचा मागचा दांडा. त्याच्या टोकाचं भोक झाकणारी टिकली काढली, आणि भोक पाहिल्याबरोबर तिला सगळं आठवलं. दिवाळीच्या पाडव्याची दुपार. शेवटचा दांडा. चाकाच्या खुंटीवर बसायला तो केसभर कमी पडत होता. तिनं बारीक गोल कानस घेतली, भोकातून हलकेच फिरवली. दांडा बसला. वर टिकली लावली.

‘बसला,’ असं तेव्हा ती मोठ्यानं म्हणाली होती. खोलीत दुसरं कुणी नसताना.

भोक आता गोल नव्हतं. लांबुळकं होतं. सुलट चालताना ते निभत होतं, पण उलट चालीत भार आला की दांडा त्या फटीत मागं सरकून आपटत होता.

नवा दांडा करायचा, तर तो दुसऱ्या बाजूच्या दांड्याशी जुळवायला हवा. तो जुळवायचा, तर सगळी चाकं पुन्हा काढायला हवीत. एका दिवसाचं काम नव्हतं ते.

टिकली लावून टाकली असती, तर कुणालाही कळलं नसतं. प्रत्यक्ष रोहेकर सरांनी ‘छान’ म्हटलेलं इंजिन होतं ते.

गौतमी दोन घोट पाणी प्यायली. मग सुटे भाग एका डब्यात भरले, आणि रिकाम्या हातानं पिंपळगावला गेली.

---

आबा शेडच्या दारात झेंडूच्या माळा बांधून घेत होते.

“ये ये! कुठंय आपला खेकडा?”

“नाही आणला.”

“विसरलीस? मी ड्रायव्हरला पाठवतो.”

“विसरले नाही, आबा. तो उद्या चालणार नाही. त्याचा एक दांडा चुकलाय.”

आबांनी हातातली माळ खाली ठेवली. “परवा तर पळत होता!”

“पळत होता.”

“आणि सरांनी हो म्हटलंय ना?”

“म्हटलंय.”

“मग?”

“मी नाही म्हणतेय.”

माळा बांधणारी माणसं थांबून बघायला लागली. आबांचा चेहरा आधी गोंधळला, मग लाल झाला.

“अगं, पेपरात छापून आलंय. फलकावर तुझं नाव घातलंय, ते बघ! एवढी माणसं येणार उद्या. त्यांना काय तुझा दांडा दिसणार आहे?”

“नाही दिसणार.”

“मग त्रास कुणाला होणार, सांग!”

“मला.”

हे म्हणताना तिचा आवाज अजिबात चढला नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

आबा घाटाकडं वळले. “मग उद्या दुकानातलं इंजिनच लावावं लागणार,” ते शेवटी म्हणाले. रागापेक्षा त्यांच्या आवाजात दुःख जास्त होतं. “आणि पोरी, खरं सांगतो… पुढची इंजिनं मी तुझ्या भरवशावर नाही ठेवू शकत. मला माणसं जमवावी लागतात, तारखा द्याव्या लागतात.”

“बरोबर आहे तुमचं.”

“तरी ऐकणार नाहीस?”

तिनं नकारार्थी मान हलवली. मग खाली ठेवलेली माळ उचलून तिनं आबांच्या हातात दिली, आणि दुसरं टोक धरून दाराला बांधू लागली.

रविवारी सकाळी शेड माणसांनी भरून गेली. गौतमी आली होती. न येण्यासारखं तिनं काही केलं नव्हतं. फलकावरच्या तिच्या नावावर पांढरा कागद चिकटवलेला होता.

आबांनी माईकवरून सरांचं नाव पुकारलं. सर बसूनच राहिले, समोरच्या प्लास्टरच्या डोंगराकडं बघत. आबांनी पुन्हा पुकारलं. तेव्हा फ्लोराबाईंनी त्यांच्या कोपराला हात लावला, आणि सर दचकून उठले.

गौतमीनं ते पाहिलं.

सरांना कमी ऐकू येतंय…

कधीपासून? त्या रविवारी? त्याच्याही आधी? मग ते ‘छान’ कशाचं होतं? तिला एकदम एकटं वाटलं. घाटात पुढचं इंजिन दिसेनासं व्हावं आणि सगळा भार आपल्यावर आहे हे मागच्याला कळावं, तसं.

सरांनी फीत कापली. दुकानातल्या इंजिनानं मालगाडी रेटत रेटत घाट चढवला. लहानथोर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गौतमीनंही वाजवल्या, मनापासून. घाट सुंदरच झाला होता.

जाताना सर तिच्याजवळ थांबले. खेकडा कुठं आहे, असं त्यांनी विचारलं नाही.

“कशी आहेस?”

“बरी आहे, सर.”

सरांनी मान डोलावली आणि फ्लोराबाईंचा हात धरून पायऱ्या उतरले.

---

त्यानंतर बरेच रविवार गौतमी इगतपुरीला गेली नाही. दाखवण्यासारखं तिच्यापाशी काही नव्हतं, आणि विचारण्यासारखंही काही उरलं नव्हतं. दांडा तिनं केला, तो सुलट बसला, उलट बसला, आणि तरीही तिनं तो बाजूला ठेवून दुसरा केला. ‘परत’ म्हणायला तिथं कुणी नव्हतं. तो शब्द ती स्वतःच म्हणत होती. गंमत म्हणजे त्याचा तिला राग येत नव्हता.

आबांनी वाफेच्या इंजिनांचं काम पुण्याच्या एका गृहस्थांना दिल्याचं कळलं. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा कानस घेऊन बसली.

थंडी सरता सरता एका सकाळी ती सरांच्या ओसरीवर आली. सर ऊन खात बसले होते. तिनं चपला काढल्या, खोकं उघडलं, खेकडा रुळावर ठेवला आणि स्वतःच वीज लावली.

सुलट चालवला. मग मालडबे जोडून उलटा, चढाला लावला.

सरांनी डोळे मिटले. गौतमीनंही मिटले.

‘सुस्स्’ असा एकच आवाज. न तुटणारा. नदी वाळूवरून जावी तसा. चाक फिरलं, पुन्हा फिरलं, आणि ज्या जागी तो ‘टिक्’ असायचा त्या जागी आता काहीच नव्हतं.

खेकडा वर पोचला. गौतमीनं वीज बंद केली. तिनं सरांकडं पाहिलं नाही.

“झालं,” ती म्हणाली.

आतून फ्लोराबाईंनी भांडी मांडल्याचा आवाज आला. सरांनी वाकून रुळावरची धूळ बोटानं पुसली.

गौतमीला राहवलं नाही. ती त्यांच्या खुर्चीजवळ खाली बसली. सरांना ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानं, पण सावकाश, तिनं विचारलं,

“सर… त्या दिवशी तुम्ही ‘छान’ म्हणालात. उलटं येताना त्यात एक आवाज होता. खरं सांगा… तुम्हाला तो ऐकू आला होता?”

सर तिच्याकडं वळले.

…

“तुला आला ना?”